कर्करोगाच्या प्रथम उपचारानंतर प्रसाराची शंका : जोडीदाराची मनोव्यथा आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

पिंपरी, चिंचवड, भोसरी, मोशी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण नवीन नाहीत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी, चहाच्या टपरीवरचा मावा, घरातील स्त्रियांची मशेरी या सवयी आपण रोज पाहतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडातील न भरणारा व्रण घेऊन येणारा कामगार आपल्या चिकित्सालयाच्या पायरीवर आजही दिसतो. अशा रुग्णाचे निदान, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हे टप्पे मोठ्या रुग्णालयात पार पडतात. त्यानंतर रुग्ण घरी येतो आणि पुढील दोन-तीन वर्षे तो व त्याचे कुटुंब प्रत्यक्षात आपल्या सहवासात असतात.

या काळातील सर्वात कठीण प्रसंग म्हणजे 'रोग पसरला असावा' ही शंका. निश्चित निदान झालेले नसते, ते नाकारताही येत नाही आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी असते. या तीन महिन्यांत रुग्णाची पत्नी अथवा पती आपल्याकडे येतो आणि औषध मागतो. त्या वेळी आपण काय करावे, काय करू नये आणि काय बोलावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमच्या हातून घडलेली एक चूकही त्यात नमूद केली आहे, कारण तिच्यावाचून हा पाठ अपुरा राहील.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन करताना अध्यर्बुद आणि द्विरर्बुद असे दोन प्रकार सांगितले आहेत. पूर्वी झालेल्या अर्बुदावर पुन्हा दुसरे उत्पन्न होते ते अध्यर्बुद. एकाच वेळी अथवा क्रमाने दोन उत्पन्न होतात ते द्विरर्बुद, आणि ते असाध्य मानले आहे. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात ज्या अर्बुदात दोष शेष राहतो ते लवकरच पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, असा स्पष्ट आदेश आहे. या संज्ञा आणि आजचे पुनरुद्भव व प्रसार यांचे तंतोतंत समीकरण मांडणे योग्य नव्हे. परंतु प्रथम उपचाराने कार्य संपत नाही आणि शेष दोषावर दृष्टी ठेवणे हा चिकित्सेचाच भाग आहे, एवढे तात्पर्य निःसंशय निघते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याचे गुण उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे होत, तर रोग्याचे गुण स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे होत. आपल्या समाजात विवाहित रुग्णाचा उपस्थाता बहुधा त्याचा जोडीदार असतो. अनुराग त्याच्याजवळ असतोच. उपचारज्ञता त्याला कोणीतरी शिकवावी लागते. ती शिकवणे हे वैद्याचे काम आहे.

याच आचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात अतिचिंतनाने रसवह स्रोतसांची दुष्टी होते असे सांगितले आहे. हे दोन्ही निर्देश रुग्णाइतकेच उपस्थात्यालाही लागू पडतात, हे आपण पुष्कळदा विसरतो.

आमची चूक

व्यवसायाच्या पहिल्या दशकात जिभेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ आमच्याकडे नियमित येत असत. उपचारानंतर सुमारे आठ महिन्यांनी त्यांच्या मानेवर, कानाच्या खालच्या बाजूस, एक लहान गाठ आली. वेदना नव्हती, ज्वर नव्हता. आम्ही तिला गंडमाला समजून कांचनार गुग्गुळ व लेप सुरू केला. त्यांच्या पत्नी प्रत्येक भेटीत एकच प्रश्न विचारीत, "डॉक्टर, ही गाठ पुन्हा त्याचीच नाही ना?" आम्ही त्यांना धीर देण्यासाठी प्रत्येक वेळी "नाही हो ताई" असे उत्तर दिले. सात आठवड्यांनी गाठ वाढली तेव्हा त्यांना मूळ रुग्णालयात पाठविले. सुईने घेतलेल्या नमुन्यात तो प्रसारच ठरला. पुढच्या वर्षी ते गृहस्थ निवर्तले.

ते सात आठवडे मिळाले असते तर परिणाम वेगळा झाला असता की नाही, हे सांगता येणार नाही. परंतु त्या माउलीने योग्य प्रश्न विचारला होता आणि तपासणी न करताच आम्ही त्याचे उत्तर दिले होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो : कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णात नवी गाठ दिसली तर प्रथम तपासणी, मग औषध.

आधुनिक ज्ञान : वैद्याला आवश्यक तेवढे

मुखाचा कर्करोग प्रथम मानेतील लसीकाग्रंथींकडे जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विषयाला निर्णायक दिशा दिली. मानेत गाठ लागत नसतानाही पहिल्या शस्त्रक्रियेतच ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की हाताला न लागणारा प्रसारही असू शकतो आणि मानेच्या बाबतीत 'थांबून पाहू' ही वृत्ती महाग पडते.

मानेनंतर फुप्फुस हे दूरवरच्या प्रसाराचे प्रमुख स्थान होय. अस्थी आणि यकृत त्यामागून येतात. पुनरुद्भव बहुतांशी पहिल्या दोन वर्षांत होतो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत दर चार ते आठ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा शल्यतज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याचा प्रघात आहे. 'आता बरे वाटते' म्हणून या फेऱ्या चुकविणारे रुग्ण आपल्या परिचयाचे असतात. मुंबईला जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते, हे त्यामागचे खरे कारण असते. ते समजून घेऊनच आग्रह धरावा.

रेडिएशन संपल्यावर पेट स्कॅन साधारण बारा आठवड्यांनी करतात. त्यापूर्वी केल्यास भाजलेल्या ऊतींतील शोथही रोगासारखा चमकतो. त्यानंतरही चमकणारी प्रत्येक ग्रंथी कर्करोगाची असतेच असे नाही. आपल्या देशात क्षयाचे जुने व नवे व्रण हे अशा फसव्या चित्राचे मोठे कारण आहे. फुप्फुसातील आठ मिलिमीटरहून लहान गाठीविषयी पेट स्कॅन विश्वासाने काही सांगू शकत नाही. अशा वेळी तज्ज्ञ ठरावीक अंतराने सी.टी. स्कॅन पुन्हा करतात आणि गाठ वाढते की तशीच राहते हे पाहतात. आवश्यक वाटल्यास बायॉप्सी करतात. हा काळ कुटुंबाला 'डॉक्टर काहीच करीत नाहीत' असा भासतो. प्रत्यक्षात काळ हीच येथे परीक्षा असते, हे आपण समजावून सांगितले पाहिजे.

प्रसार सिद्ध झालाच तरी उपाय संपले असे नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. विजय पाटील व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिनशी तोंडाने घेण्याच्या मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त औषधांची तुलना केली. शामक चिकित्सेच्या रुग्णांत मध्यम आयुर्मान तोंडाने औषध घेणाऱ्यांत ७.५ महिने, तर शिरेतून घेणाऱ्यांत ६.१ महिने आढळले. २०२३ मध्ये त्याच गटाने अशा तोंडाने घेण्याच्या औषधांना अत्यल्प मात्रेतील निव्होलुमॅबची जोड दिली, तेव्हा एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे आकडे कुटुंबाला ऐकविण्यासाठी नाहीत. 'पसरला म्हणजे आता काही उरले नाही' हे वाक्य वैद्याच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी ते येथे दिले आहेत.

रुग्णवृत्त

(ओळख उघड होऊ नये म्हणून तपशिलात बदल केले आहेत.)

रुग्ण : पुरुष, वय ४६, चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात प्रेस विभागात कामगार. वीस वर्षे तंबाखू. डाव्या गालाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, मानेतील ग्रंथी काढल्या, त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन. बारा आठवड्यांनंतरच्या तपासणीत मुख व मान स्वच्छ. उजव्या फुप्फुसात सहा मिलिमीटरची एक गाठ. तज्ज्ञांचा सल्ला : तीन महिन्यांनी पुन्हा सी.टी. स्कॅन.

आमच्याकडे प्रथम आल्या त्या त्यांच्या पत्नी, वय ४०, एकट्याच. हातात अहवालांची प्लॅस्टिकची पिशवी. त्यांचे पहिले वाक्य होते, "डॉक्टर, ह्यांना काही सांगू नका. पण पसरू नये म्हणून काहीतरी द्या." अहवालातील गाठीचा उल्लेख त्यांनी मोठ्या मुलाकडून वाचून घेतला होता आणि पतीला 'सगळे नॉर्मल आहे' असे सांगितले होते.

प्रश्नपरीक्षेत पुढील गोष्टी समजल्या. रुग्ण एकाच वेळी पाच द्रव्ये घेत होता : शेजाऱ्याने दिलेला गुळवेलीचा काढा, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले एक भस्म, गोमूत्र अर्क आणि एका नातेवाइकाने गावाहून पाठविलेली चूर्णाची पुडी. त्या पुडीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पत्नीला महिनाभर रात्री दोन-तीन तासांपलीकडे झोप नव्हती. जेवण एक वेळचे. छातीत धडधड, मलप्रवृत्ती दिवसातून चार-पाच वेळा द्रव. नाडी द्रुत, जिह्वा साम, त्वचा रूक्ष. भयज व शोकज अतिसाराचे चरकोक्त स्वरूप समोर दिसत होते. थोडक्यात, आमच्यासमोर दोन रुग्ण होते आणि त्यांपैकी एकाच्याच नावाचा केसपेपर काढलेला होता.

योजना

१) मौन सोडविणे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, आतुराचे आयुष्य क्षीण झाल्याचे कळले तरी जेथे ते सांगण्याने त्याला अथवा इतरांना अपाय होईल तेथे ते बोलू नये, असा उपदेश आहे. अनेक वैद्य त्याचा आधार घेऊन कुटुंबाच्या लपवाछपवीत सामील होतात. आमच्या मते तो उपदेश आयुष्याची मुदत वर्तविण्याविषयी आहे; असत्य सांगण्याची मुभा त्यातून मिळत नाही. शिवाय रोग्याचे ज्ञापकत्व, म्हणजे स्वतःची लक्षणे नेमकी सांगण्याचे सामर्थ्य, त्याला कशाकडे लक्ष द्यायचे हे कळल्याशिवाय टिकत नाही. 'सगळे नॉर्मल' समजणारा माणूस तीन आठवड्यांचा खोकला सांगणार नाही.

आम्ही त्या भगिनींना म्हणालो, "ताई, पुढच्या वेळी दोघे या. आयुष्य किती ते आम्ही बोलणार नाही, कारण ते आम्हाला माहीत नाही. गाठ आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवायचे आहे, एवढेच सांगू." त्या आठवड्याने दोघे आले. रुग्णाने ऐकून घेतले आणि पत्नीकडे पाहून म्हणाला, "मला वाटलंच होतं. तू रात्री स्वयंपाकघरात बसून असतेस ते दिसत नाही का मला?" त्या दिवसापासून घरात दोघांना एकमेकांपासून काही लपवावे लागले नाही. औषधापूर्वी मिळालेला हा पहिला उपशय होता.

२) द्रव्ये थांबविणे. पाचही द्रव्ये थांबविली आणि रक्ताची तपासणी केली. यकृताचे एस.जी.पी.टी. हे मान वाढलेले होते. कोणत्या द्रव्याने वाढले हे सिद्ध करता येत नाही. परंतु सर्व थांबविल्यानंतर सहा आठवड्यांत ते पूर्ववत झाले. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या रुग्णांत यकृतविकार आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध केले व आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हे वाचकांना स्मरत असेल. त्या वादाचा निर्णय काहीही असो. ज्या रुग्णाला पुढे मेथोट्रेक्सेटसारखे औषध द्यावे लागण्याचा संभव आहे त्याचे यकृत आणि वृक्क निर्दोष ठेवणे हेच त्याच्यावर आपण करू शकणारे मोठे उपकार आहेत.

३) मुखाची काळजी. रेडिएशननंतर लाळ आटते, तोंड उघडत नाही, चव जाते. यष्टिमधुसिद्ध तुपाचे गंडूष, कोमट पाण्याचे वारंवार कवल, मऊ व स्निग्ध आहार आणि तोंड उघडण्याचा रोजचा व्यायाम यांनी उपशय मिळाला. तीक्ष्ण, उष्ण व क्षारयुक्त मंजने वर्ज्य केली. रेडिएशन घेतलेल्या जबड्यातील दात मूळ तज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढू नये. अस्थी भरून न येण्याचा धोका असतो. तसेच मानेच्या रेडिएशननंतर थकवा, वजनवाढ व औदासीन्य दिसल्यास केवळ विषाद समजू नये. थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा संभव असल्याने टी.एस.एच. तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी.

४) तंबाखू व सुपारी. तंबाखू सुटली तरी 'नुसती सुपारी' चालू राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरविली आहे. एका मुखात दुसरे अर्बुद उत्पन्न होण्याची भूमी तीच तयार करते. पत्नीची मशेरीही त्याच दिवशी सोडविली. दोघांनी एकत्र सोडल्याने दोघांचीही टिकली.

५) पत्नीची चिकित्सा. तिच्या नावाचा स्वतंत्र केसपेपर काढला. दीपन-पाचनानंतर लघु व उष्ण आहार दोन वेळा, रात्री पायांना तिळतेलाचा अभ्यंग, जटामांसीचा फांट. सकाळी अर्धा तास चालणे आणि त्या वेळी रोगाविषयी न बोलणे. रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासले. पांडुता होती, तिची चिकित्सा केली. दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता टिकली, जगण्यात रस वाटेनासा झाला किंवा जीव द्यावा असे विचार आले, तर फांट देत बसू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाच्या भिंतीवर असावा.

६) वही. उपस्थात्याची उपचारज्ञता वाढविण्यासाठी शंभर पानी वही हे उत्तम साधन आहे. डाव्या पानावर लक्षणे व दिनांक, उजव्या पानावर पुढील भेटीत तज्ज्ञांना विचारण्याचे प्रश्न. पहिल्या पानावर, ज्यांसाठी नेमलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे ती लक्षणे लिहून दिली : मानेत नवी गाठ; दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण; एकाच बाजूचे कानदुखी; गिळताना अडथळा; आवाजात बदल; तीन आठवड्यांहून अधिक खोकला अथवा थुंकीत रक्त; अकारण वजन घटणे; एकाच जागी टिकून राहणारे अस्थिशूल. पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा अथवा मूत्रावरोध झाल्यास त्याच दिवशी जावे, हे लाल शाईने लिहिले. खोकल्याच्या बाबतीत थुंकीची क्षयासाठी तपासणीही आवश्यक असते, हे विसरू नये.

वही सुरू झाल्यावर त्या भगिनींची झोप सुधारली, असे त्यांनीच सांगितले. मनात फिरणारा प्रश्न वहीत उतरला की रात्री पुन्हा पुन्हा आठवावा लागत नाही. सत्त्वावजयाचे हे साधे, घरगुती रूप मानावयास हरकत नाही.

७) अर्थचिंता. निम्मी निद्रानाशाची कारणे पैशाची असतात. राज्य कामगार विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला नेहमीचा आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण होत असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ मिळू शकतो. आमच्या रुग्णाला तो ठाऊकच नव्हता. तो बिनपगारी रजेवर होता. कंत्राटी कामगाराने आपली वर्गणी भरली जाते की नाही याची खात्री करावी. योजनेबाहेरच्या कुटुंबाने महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. ही माहिती देणे वैद्याच्या कक्षेबाहेरचे आहे असे आम्हाला वाटत नाही.

औषधालयचालकांसाठी चार गोष्टी

'कॅन्सरवर काय आहे?' असे विचारणारा ग्राहक प्रथम आपल्या दुकानात येतो, वैद्याकडे नंतर. म्हणून पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

अ) औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारा फलक, पत्रक अथवा डबीवरचा मजकूर ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो.

आ) भस्मे व रसकल्प चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. केमोथेरपी झालेल्या रुग्णाच्या वृक्कांवर आधीच ताण असतो.

इ) ग्राहक आणखी कोणती औषधे घेत आहे हे विचारावे. गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण घटते, असे मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखविले. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत हळदीचा अर्क, विशेषतः मिरीतील पाइपरीनबरोबर घेतल्यास, त्या औषधाच्या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी उतरते, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात आढळले. स्वयंपाकातील हळद आणि अर्काची कॅप्सूल यांत भेद आहे, हे ग्राहकाला सांगावे.

ई) ग्राहक परत गेला तरी चालेल, पण 'आधी वैद्यांना दाखवा' हे वाक्य म्हणावे. आमच्या रुग्णाला भस्म देणाऱ्या दुकानदाराने ते म्हटले असते तर यकृताची चिंता कदाचित उद्भवली नसती.

विमर्श

मुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावे हटकून निघतात. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दोन दशके ते सार्वजनिक जीवनात कार्यरत राहिले. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने निधन झाले. आशावादी नातेवाईक पहिले नाव घेतो, घाबरलेला दुसरे. दोन्ही उदाहरणांतून आपल्या समोरच्या रुग्णाचे भविष्य काढता येत नाही. रोगाची अवस्था, स्थान, काळ आणि उपचार हे प्रत्येकाचे वेगळे असतात. कुटुंबाला आम्ही एवढेच सांगतो की दुसऱ्याच्या अहवालावरून आपली रात्र जागवू नये.

जोडीदाराचे दुःख अनेकदा आपल्याला दिसत नाही, कारण तो स्वतःसाठी काही मागत नाही. पत्नी 'ह्यांच्यासाठी' औषध मागते. तिची धडधड, तिचा अतिसार, तिची रिकामी थाळी आपण विचारल्याशिवाय ती बोलत नाही. पती रुग्णाची सेवा करणारा असेल तर तो त्याहूनही कमी बोलतो, आणि कधी कधी पुन्हा तंबाखूकडे अथवा दारूकडे वळतो. चतुष्पादातील एक पाद खचला तर उरलेल्या तिघांवर चिकित्सा उभी राहत नाही.

प्रसार सिद्ध झाला आणि रोगनिवारक उपचार थांबले, तर वेदनाशमन व कुटुंबाचा आधार यांसाठी पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या सिप्ला शामक उपचार केंद्रासारखी संस्था उपलब्ध आहे. तेथे पाठविणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे, हे आपणच आधी समजून घेतले पाहिजे.

उपसंहार

आमच्या रुग्णाच्या फुप्फुसातील गाठ तीन महिन्यांनी सहाच मिलिमीटर होती. त्यानंतरच्या तपासणीतही ती वाढलेली नाही. ती जुन्या क्षयाची खूण असावी असे तज्ज्ञांना वाटते; तरी निरीक्षण चालू आहे आणि आम्हीही निश्चिंत नाही. रुग्ण हलक्या कामावर परत गेला आहे. त्याच्या पत्नी दर महिन्याला वही घेऊन येतात. मागील भेटीत त्यांनी विचारले, "डॉक्टर, ही गाठ त्याचीच नाही ना?" या वेळी आम्ही उत्तर दिले, "ताई, आज तरी तसे दिसत नाही. नक्की सांगता येत नाही, म्हणून पुढची तारीख चुकवायची नाही." त्यांनी ती तारीख वहीत लिहून घेतली.

सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे की, कर्करोगाच्या उपचारानंतर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाबरोबर त्याच्या जोडीदाराचाही केसपेपर काढावा, घेतल्या जाणाऱ्या सर्व द्रव्यांची यादी करावी, आणि नव्या गाठीला औषध देण्यापूर्वी तिची तपासणी करवून घ्यावी. या तीन गोष्टींना विशेष खर्च येत नाही.